डाव्या मागच्या चाकापासून

गोडोलीच्या गॅरेजात जीप स्टँडवर उभी आहे,
चारी चाकं काढून भिंतीला टेकवलेली,
तेहेतीस इंची, माझ्या कमरेला येऊ बघणारी.
हणमंतानं ती बसवली तेव्हा
आईला आत चढायला दुधाचा क्रेट ठेवावा लागला,
आणि हा म्हणाला, आता कुठलाही ओढा आडवा येणार नाही.

ओढा आला नाही.
यवतेश्वरचा घाट आला, उतरताना.
आधी वास आला, जळक्या चपलेसारखा,
मग त्याचा पाय खाली गेला,
जातच राहिला,
जसं खाली काही नव्हतंच कधी.
थांबलो ते रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात.
खाली सातारा होता, नुकते दिवे लागलेला.
कुणाला खरचटलंसुद्धा नाही.
मी त्याला तिथं काय बोलले ते लिहीत नाही.
त्याला नऊ दिवस झाले.
नऊ दिवस तो माझ्याशी बोलताना कॅलेंडरकडे बघतो.

इलाहीभाई शिकलगार ड्रम उघडतात.
आत लायनर काचेसारखे गुळगुळीत.
"चार इंच उचललीस, चाक वाढवलंस,
ब्रेक तेवढाच ठेवलास.
मोठ्या जात्याला खुंटा मधोमध ठोकला
तर हातानं जातं आवरंल का, पोरा?"
मग बॅटरी मारून आतली रबरी नळी दाखवतात,
जुन्याच मापाची.
चाक खड्ड्यात लोंबलं की ती ताणायची,
तोकड्या दाव्याला बांधलेल्या वासरासारखी.
"ही घाटातच तुटली असती असं नाय.
कुठंबी. पोवई नाक्यावर. शाळा सुटताना."
हणमंत पान्यावरचं ग्रीस पुसत राहतो.
पाना केव्हाचा स्वच्छ झालाय.

पुण्याहून डिस्का आल्या, तेलकट कागदात,
कॅलिपर, लांब नळ्या जाळीच्या,
आणि बूस्टर, काळा, कळशीएवढा.
इलाहीभाईंच्या अस्लमनं तांब्याचा पाइप
गुडघ्यावर असा वाकवला
की मला वाटलं, हा माणूस भाकरीही छान थापत असेल.
ब्रेक ऑइलचा एक थेंब बॉनेटवर सांडला.
पाणी आणेपर्यंत रंग फुगून आला.
"त्वचेलाही लागू देऊ नका ताई."
मी हात तीनदा धुतले.

शुक्रवार. इलाहीभाई नमाजाला गेलेत,
अस्लम एका टेम्पोखाली फक्त पाय आहे.
आणि ब्रेकमधली हवा काढायला माणसं दोन लागतात.
मी सीटवर, पाय पेडलवर.
हणमंत खाली, डाव्या मागच्या चाकाशी,
सगळ्यात लांबचं ते सगळ्यात आधी.
तो दिसत नाही. आवाज येतो.

दाब.
दाबलं.
अजून. अजून एकदा. आता धर.
धरलंय.
(पेडल माझ्या पायाखाली हळूच बसतं,
जाडजूड माणूस उसासा टाकतो तसं.)
सोड.

सरबताच्या बाटलीत पारदर्शक नळी बुडवलेली,
तिच्यातून बुडबुडे निघतात, तो मोजतो बहुतेक.
पुन्हा दाब. पुन्हा धर.
मग उजवं मागचं. डावं पुढचं.
पाय भरून आला तरी मी सांगितलं नाही.
उजव्या पुढच्या चाकाला तो माझ्या दाराशी आला,
तेव्हा त्याच्या केसांत गंज होता.
पेडल आता वरच्या वर अडतं,
दगडावर पाय ठेवल्यासारखं.
"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.
माझ्याकडे बघून.
मी म्हटलं, कडक.

संध्याकाळी तेच वळण.
मुरमाच्या ढिगात आमचा खड्डा अजून तसाच.
"दाबू?"
दाब.
जीपनं नाक खाली घातलं आणि ती उभी राहिली.
डॅशबोर्डवर विसरलेला दहाचा पाना
घसरत येऊन माझ्या पायाशी पडला.
मागून एक वडाप हॉर्न देत, शिवी देत निघून गेलं,
त्यातली एक बाई वळून आमच्याकडे बघत राहिली.
रस्ता मोकळा झाला.
त्याचा पाय ब्रेकवरच, गुडघा थरथरतोय.

सोड, मी म्हणाले.